जांघेतली वाट : प्रस्तावना

जांघेत आलेल्या गाठीबद्दल आपल्याकडे दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. ओझे उचलले म्हणून ती आली, ही एक. आणि ती चारचौघांत बोलण्याची गोष्ट नाही, ही दुसरी. पहिली समजूत अर्धीच खरी आहे. दुसरीपायी माणसे जिवाला मुकतात. दोन्हींच्या मुळाशी उणीव एकच, असे माझे म्हणणे आहे: आपल्या पोटाच्या खालच्या भिंतीची रचना आपल्याला ठाऊक नाही. अंतर्गळ, ज्याला आता सगळेच हर्निया म्हणतात, हा बाहेरून शरीरात शिरलेला रोग नव्हे. पोटाच्या भिंतीत जन्माआधीच एक वाट पडलेली असते. ती कशासाठी पडली, एरवी मिटलेली कशी राहते आणि कुठल्या जागी तिचा बंदोबस्त कच्चा पडतो, एवढे कळले की बाकीचे प्रश्न सुटत जातात. गाठ तान्ह्या मुलाला का येते आणि साठीच्या माणसाला का येते, पट्टा बांधून काय साधते, शल्यचिकित्सक आत नेमके काय शिवतात, कोणती गाठ वर्षानुवर्षे राहू शकते आणि कोणती एका रात्रीत घात करते, या प्रत्येकाचे उत्तर रचनेत आहे. म्हणून पुढच्या पानांत आधी रचना येते आणि आजार नंतर. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, आणि तो का ठेवला हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर असलेला वाचक चोपड्याचा आहे, मोरजी-आगरवाड्याचा आहे, गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या गावागावांतला आहे. रापणीचे जाळे ओढणे, होडी वाळूवर चढवणे, माडावरून नारळ पाडणे, मिठागरात राबणे, चिरेखाणीतले चिरे ट्रकात भरणे, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणे, ही इथली कामे. ती करणाऱ्यांना जांघेतली गाठ नवी नाही. तिच्यामागची रचना मात्र त्यांना कोणी समजावून सांगितलेली नाही. त्याला इतिहास आहे. पणजीतले वैद्यकीय विद्यालय, एस्कोला मेदिको-सिरुर्जिका, १८४२ साली सुरू झाले. पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सर्वांत जुन्या संस्थांत त्याची गणना होते. पण तिथली शिकवणी पोर्तुगीजमधून होती. मुक्तीनंतर त्याचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि शिकवणी इंग्रजीत गेली. पेडणे-डिचोलीचा माणूस मात्र पोथी, कीर्तन, शाळा आणि वर्तमानपत्र यांतून मराठी वाचत राहिला. ज्ञान पणजीपर्यंत पोचले, त्याच्या हाती आले नाही. मराठीला हा विषय पेलवत नाही, असे कोणी म्हणत असेल तर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठीतून वैद्यकाचे वर्ग चालत होते, एवढे सांगितले तरी पुरे.

आता मूळ विषयाकडे. पुढचा मजकूर वाचताना हात स्वतःच्या अंगावर ठेवला तर तो लवकर समजेल. कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचे एक टोक बोटाला लागते. तिथून जांघेच्या घडीने तिरके खाली उतरत मधल्या रेषेजवळ आले की जघनास्थीचा एक बारीक उंचवटा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये एक चिवट पांढरा पट्टा ताणलेला असतो, तो वंक्षण बंध. त्याच्या खाली मांडी सुरू होते, वर पोट. या बंधाच्या बरोबर मध्यावर बोट ठेवून अर्धा इंच वर सरकवले की त्या जागी, त्वचेच्या आणि स्नायूंच्या खाली खोल, एक तोंड असते. त्याला आपण आतले कडे म्हणू. दुसरे तोंड जघनास्थीच्या त्या उंचवट्याच्या जरासे वर, त्वचेच्या बरेच जवळ असते. ते बाहेरचे कडे. या दोन कड्यांना जोडणारी, बंधाच्या आतल्या अर्ध्या भागाला समांतर जाणारी सुमारे दीड इंचाची तिरपी वाट म्हणजे वंक्षण नाल. तिच्या पुढच्या भिंतीला पोटाच्या सर्वांत बाहेरच्या तिरप्या स्नायूचे जाड, चिवट पटल असते. छताला आतला तिरपा स्नायू आणि त्याखालचा आडवा स्नायू यांच्या कमानी येतात. तळाशी वंक्षण बंधाची आत वळलेली कड. आणि मागची भिंत? तिथे बऱ्याच भागात एक पातळ आवरण तेवढे असते. मधल्या रेषेकडे मात्र दोन स्नायूंच्या जोडकंडरेचा त्याला आधार मिळतो. या मागच्या भिंतीकडे वाचकाने नीट लक्ष द्यावे. शस्त्रक्रियेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातले जवळपास सगळे वाद तिच्याभोवती झाले आहेत.

या वाटेने पुरुषात वृषणरज्जू जातो: शुक्रवाहिनी, वृषणाला रक्त नेणारी रोहिणी, रक्त परत आणणाऱ्या शिरांचे जाळे, लसिकावाहिन्या आणि नसा यांची ती एकत्र मोळी आहे. स्त्रीमध्ये याच वाटेने गर्भाशयापासून निघालेला एक गोल बंध बाहेर येतो. म्हणून स्त्रीची नाल अरुंद असते. वाट पडण्याचे कारण गर्भावस्थेत आहे. वृषणे मुळात तयार होतात ती पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडांच्या शेजारी. तिथून ती खाली सरकत येतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या मांसल पट्ट्याला जॉन हंटर या अठराव्या शतकातल्या शल्यविशारदाने नाव दिले, ते आजही चालते. सातव्या महिन्याच्या आसपास वृषणे नालेतून पार होतात आणि जन्माच्या सुमारास अंडकोशात पोचलेली असतात. हा सगळा प्रवास कशासाठी? शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, आणि ते पोटाबाहेरच मिळते. सर्वच सस्तन प्राण्यांनी हा मार्ग धरला असे नाही. हत्तीची वृषणे जन्मभर पोटातच राहतात. माणसात ती बाहेर येतात, आणि येताना पोटाच्या आतल्या अस्तराचा एक लांबट खिसा आपल्यापुढे ओढत नेतात. जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या काळात हा खिसा आपोआप मिटायला हवा. तो मिटला नाही आणि तोंड रुंद राहिले, तर आतड्याचे वेटोळे त्यात उतरते: तो मुलातला अंतर्गळ. तोंड इतके बारीक राहिले की फक्त पाणी झिरपेल, तर अंडकोशात पाणी भरते. उजवे वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरते, म्हणून उजवा खिसा उशिरा मिटतो आणि लहान मुलांत उजव्या बाजूच्या गाठी जास्त दिसतात. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे प्रमाण आणखी वाढते, कारण खिसा मिटायला त्यांना वेळच मिळालेला नसतो. तीन महिन्यांच्या बाळाने कोणते ओझे उचलले होते, हा प्रश्न ओझ्याच्या समजुतीला विचारायलाच हवा.

रचनेतच वाट आहे म्हटल्यावर एक आक्षेप लगेच येतो. मग ही निसर्गाची चूकच झाली; माणूस दोन पायांवर उभा राहिला, पोटाचा सगळा भार खालच्या भिंतीवर आला, आणि ही भिंत त्यासाठी घडलेलीच नव्हती. हा आक्षेप पुस्तकांतूनही आढळतो. मला तो पटत नाही, कारण त्यात उघड्या वाटेकडे पाहिले जाते, तिला बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेकडे नाही. शापोरा नदीच्या काठच्या खाजन शेतीत बांधाला मानस, म्हणजे पाण्याची झडप, असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने मानसीची दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. दाब जितका जास्त, दार तितके घट्ट. वंक्षण नाल याच तत्त्वावर चालते. ती तिरपी आहे, दोन्ही कडी समोरासमोर नाहीत. खोकताना, शिंकताना, जोर करताना पोटातला दाब वाढला की मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि वाट सपाट होऊन मिटते. त्याच क्षणी आतला तिरपा आणि आडवा स्नायू आखडतात, त्यांची कमान खाली उतरून वंक्षण बंधाजवळ येते आणि छत तळाला भिडते. आतल्या कड्याच्या पुढे स्नायूचा जाड भाग येतो, बाहेरच्या कड्याच्या मागे जोडकंडरेचा आधार येतो. एका दाराच्या कमजोरीसमोर दुसऱ्या बाजूचे बळ उभे केलेले आहे. ही चूक नव्हे. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांवरून पुरुषाला आयुष्यात कधीतरी जांघेचा अंतर्गळ होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के आणि स्त्रीला सुमारे ३ टक्के मानली जाते. म्हणजे चार पुरुषांपैकी जवळपास तिघांची ही वाट जन्मभराच्या खोकल्याला आणि ओझ्याला पुरून उरते. चौथ्याचे काय बिघडते, हा खरा प्रश्न आहे.

बिघाड दोन ठिकाणी होतो, आणि त्यांतला फरक एका रक्तवाहिनीने दाखवला आहे. आतल्या कड्याच्या आतल्या अंगाला, मधल्या रेषेकडे, पोटाच्या भिंतीला रक्त देणारी एक रोहिणी वर चढते. गाठ तिच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे आतल्या कड्यातूनच, नालेत शिरली तर ती जन्मजात वाटेने आलेली. तिच्या आतल्या बाजूने, मागची पातळ भिंत फुगवून आली तर ती भिंत झिजल्यामुळे आलेली. या दुसऱ्या जागेचा त्रिकोण जर्मन शरीरविद फ्रांझ हेसेलबाख याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आखून दिला. पहिली गाठ कोणत्याही वयात, दुसरी बहुधा उतारवयात. आता ओझ्याकडे. डेन्मार्कमध्ये पंधरा लाखांच्या आसपास पुरुषांच्या कामांची आणि शस्त्रक्रियांची नोंद ताडून पाहिलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर उभ्याने काम आणि मोठी ओझी यांचा संबंध त्यात जन्मजात वाटेच्या गाठीशी आढळला. भिंत झिजून येणाऱ्या गाठीशी आढळला नाही. सहज विचार केला तर उलटे वाटावे. ओझ्याने भिंतच फाटायला हवी होती. पण रचना लक्षात घेतली की हे जुळते: पूर्वीच अर्धवट उघडी राहिलेली वाट ओझे रुंद करते, जिथे वाटच नाही तिथे ते नवी पाडत नाही. भिंत झिजण्यामागे वय, ऊतींतल्या तंतूंचा कमकुवतपणा, घराण्यात असलेला दोष, धूम्रपान अशी कारणे आहेत. हमालाचा अनुभव खोटा आहे, असे माझे म्हणणे अजिबात नाही. चिरा उचलला त्या दिवशी गाठ दिसली, हे त्याचे सांगणे खरेच असते. त्या दिवशी ती दिसली. तयारी तिची कितीतरी आधीची होती. या फरकाचे व्यवहारातही मोल आहे. ओझे हेच कारण मानणारा माणूस काम थांबवतो आणि गाठ बरी होईल म्हणून वाट पाहतो. वाट उघडी आहे हे जाणणारा माणूस डॉक्टरकडे जातो.

इथे सुश्रुताचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुश्रुतसंहितेत आंत्रवृद्धीचे, म्हणजे अंतर्गळाचे, जे वर्णन आहे ते पाहणाऱ्याचे आहे, ऐकीव नाही. ओझे वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही कारणे तिथे दिली आहेत; गाठ आधी वंक्षणात येते आणि दुर्लक्ष झाल्यास अंडकोशात उतरते, दाबली की आवाज करत वर जाते आणि सोडली की पुन्हा भरते, हेही नोंदवले आहे. जांघ आणि अंडकोश यांच्या मध्ये विटप नावाचे मर्म सांगितले असून त्याला इजा झाली तर पुरुषत्व बाधते, असे म्हटले आहे; वृषणरज्जूची जागा हीच. शवविच्छेदनाची सुश्रुताची रीतही प्रसिद्ध आहे: प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवायचे आणि मग वाळा, केस, बांबूची साल अशा वस्तूंच्या कुंच्यांनी हळूहळू खरवडत एकेक थर पाहायचा. इतके असूनही अंडकोशात उतरलेली आंत्रवृद्धी असाध्य, असाच निर्णय त्याने दिला, आणि ती खाली उतरण्याआधी वंक्षणावर डाग देण्याचा उपाय सांगितला. काही जणांना यात आपल्या परंपरेचा पूर्ण विजय दिसतो, तर काहींना जुनाट अडाणीपणा. दोन्ही मते घाईची आहेत. सुश्रुताने गाठ बारकाईने पाहिली, तिचा मार्गही पाहिला. पाण्यात कुजवून खरवडलेल्या देहात मागच्या भिंतीचे ते पातळ आवरण टिकणे कठीण होते. जे दिसले नाही ते शिवता येईना, म्हणून असाध्य. त्याच्या प्रामाणिक निर्णयात माझ्या मुद्द्याचा पुरावाच आहे.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. अॅस्टली कूपरने लंडनमध्ये १८०४ ते १८०७ या काळात जांघेची सुरेख चित्रे आणि वर्णने छापली; रचना कागदावर आली, पण हातांत आली नाही. गाठीचा खिसा बांधून कापायचा आणि बाहेरचे कडे आवळायचे, एवढेच होत असे, आणि गाठी पुन्हा येत. ही कोंडी पाडुआच्या एदुआर्दो बस्सिनीने फोडली. १८६७ साली इटलीच्या एकीकरणाच्या लढाईत बस्सिनीला स्वतःलाच जांघेत संगिनीची जखम झाली होती. पुढे १८८७ साली त्याने आपली पद्धत मांडली आणि १८८९ च्या ग्रंथात २६२ शस्त्रक्रियांचा हिशेब दिला. त्याने काय केले? पुढचे पटल चिरून नाल पूर्ण उघडली, मागची भिंत आतल्या कड्यापर्यंत खोलली, आणि तिचे तीनही थर एकत्र धरून वंक्षण बंधाला शिवले. वाट बंद केली नाही. भिंत नव्याने बांधली आणि रज्जूला जाण्यापुरती जागा ठेवली. याच्या पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. बस्सिनीची पद्धत जगभर गेली, पण जाताना पुष्कळांनी मागची भिंत उघडण्याची पायरी गाळली आणि वरवर टाके घातले. नाव बस्सिनीचेच राहिले आणि गाठी पुन्हा येऊ लागल्या. टोरांटोच्या शोल्डाइस रुग्णालयाने १९४५ पासून ती गाळलेली पायरी पुन्हा जागेवर आणली तेव्हा निकाल सुधारले. हत्यारे तीच होती. फरक पडला तो रचनेचा मान राखण्याने.

तरीही एक अडचण राहिली. एकमेकांपासून दूर असलेले स्नायू आणि बंध ओढून शिवले की ताण येतो, ताणाने दुखते आणि कधी टाका ऊती कापत जातो. अमेरिकेत अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ मध्ये ताण न देता मागच्या भिंतीवर पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आज जगात तीच सर्वांत रुळलेली आहे. याच प्रश्नाला महाराष्ट्रातल्या दोन शल्यचिकित्सकांनी आपापली उत्तरे दिली, आणि मराठी वाचकाला ती माहीत असायला हवीत. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांच्यासमोर प्रश्न पैशांचा होता: कारखान्याची जाळी खेड्यातल्या रुग्णाला परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा, योग्य रीतीने निर्जंतुक करून, जाळी म्हणून वापर सुरू केला आणि अनेक केंद्रांवरच्या रुग्णांचे अनुभव २००३ साली प्रसिद्ध केले. मच्छरदाणी आणि शरीराच्या आत, या कल्पनेने अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. उत्तर २०१६ मध्ये युगांडातून आले. तिथे ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीत शंभर डॉलरच्या पुढे किंमत असलेली जाळी आणि मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी यांच्या निकालांत वर्षभरानंतर अर्थपूर्ण फरक दिसला नाही. भिंतीला आधार हवा असतो. त्याची किंमत शरीराला कळत नाही.

पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. त्यांचे म्हणणे असे की मागच्या भिंतीची ताकद तिच्या जाडीत नाही, हालचालीत आहे. स्नायू आखडला की ताणली जाणारी भिंतच वाट राखते, आणि जाळी हे निर्जीव ठिगळ आहे. म्हणून त्यांनी पुढच्या भिंतीच्या पटलाचीच एक पट्टी, दोन्ही टोकांना जागेवर जोडलेली ठेवून, रज्जूच्या मागे आणली. तिची एक कड वंक्षण बंधाला, दुसरी वरच्या स्नायूच्या कमानीला शिवली. पोटाचा स्नायू आखडला की ही पट्टीही ताठ होते. ही पद्धत त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर जाळीशी तुलना करून झालेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण सारखेच, दोन टक्क्यांच्या आत होते. आक्षेप इथेही आहे आणि तो वजनदार आहे: २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जाळीलाच पहिली पसंती देतात आणि बिनजाळीच्या पद्धतींत शोल्डाइसला वर ठेवतात. दीर्घकाळचा पुरावा देसर्डा पद्धतीपाठी अजून तितका नाही, हे मान्य करायलाच हवे. पण माझ्या मते दोंडाईचा आणि पुणे यांत विरोध नाही. एकाने भिंतीला आधार लागतो हे जाणले, दुसऱ्याने भिंत जिवंत असते हे जाणले. आणि दोन्ही पद्धतींना एक धोका सारखाच आहे. नालेच्या परिसरातून तीन नाजूक नसा जातात. त्यांतली एखादी टाक्यात किंवा व्रणात सापडली तर गाठ जाऊनही दुखणे महिनोन्‌महिने राहते. जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर अशी रेंगाळणारी वेदना साधारण दहा टक्क्यांहून अधिक रुग्णांत नोंदली गेली आहे. नसा कुठून जातात हे जाणणारा हात इथे कोणत्याही जाळीपेक्षा महत्त्वाचा.

हे सगळे शल्यचिकित्सकाने जाणावे. रापण ओढणाऱ्याला त्याचे काय, असा आक्षेप उरतो. त्याला जोड म्हणून २००६ चा अमेरिकेतला अभ्यासही पुढे केला जातो. त्रास नसलेल्या किंवा अगदी थोडा त्रास असलेल्या ७२० पुरुषांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना नुसते देखरेखीखाली ठेवले. आतडे अडकण्याचे प्रसंग हजार माणसांमागे वर्षाला दोनच्या आत निघाले. मग गाठ असू द्यावी, काळजी कशाला? अभ्यास चांगला आहे आणि त्याने अनेकांची भीती वाजवी प्रमाणात आणली, हे खरे. पण देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्या पुरुषांची गाठ डॉक्टरने तपासलेली होती, तिचा प्रकार ठाऊक होता, काय झाले तर धावत यायचे हे त्यांना सांगितलेले होते. शिवाय पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी, बहुतेक दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतलीच. आपल्याकडे गाठ दडवणारा माणूस यांपैकी काहीच करत नाही. तो घट्ट लंगोट किंवा बाजारातला पट्टा बांधतो. पट्टा बाहेरून दाबतो. मानस आतून मिटावी लागते. पट्ट्याने वाट मिटत नाही, आणि आतडे आत न ढकलताच तो आवळला तर उलट इजा होते.

आणि हा अभ्यास फक्त पुरुषांचा होता. स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे, तीही रचनेमुळेच. वंक्षण बंधाच्या खाली, मांडीतून वर येणाऱ्या मोठ्या शिरेच्या आतल्या बाजूला आणखी एक अरुंद फट असते. स्त्रीचा कटिभाग रुंद, म्हणून ही फट तिच्यात तुलनेने मोठी. तिच्यातून उतरणारी गाठ लहान असते, सुपारीएवढीही भरत नाही, लसिकाग्रंथी सुजली असेल म्हणून सोडून दिली जाते. पण फटीच्या तीन बाजू ताठ आहेत: वर बंध, खाली हाड, आतल्या अंगाला बंधाचीच धारदार कड. आत शिरलेल्या आतड्याला हलायला जागा नाही. १९९१ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडीतल्या अशा गाठींपैकी २२ टक्के तीन महिन्यांच्या आत अडकल्या. नालेतल्या गाठींत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. म्हणून स्त्रीच्या जांघेतली गाठ कितीही लहान असो, ती थांबण्याची गाठ नाही. आणि नेमकी स्त्रीच ती सर्वांत जास्त काळ लपवते. सासूला सांगायचे नाही, मुलाला सांगायचे नाही, पुरुष डॉक्टरपुढे तर विषयच नको, या संकोचाची किंमत आतडे कुजल्यावर मोजावी लागते. असे विषय घरात वाचण्याच्या पुस्तकात कसे यावेत, हा शेवटचा आक्षेप. त्याला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे. पुढच्या प्रकरणांत आकृत्या स्पष्ट आहेत, शब्द स्पष्ट आहेत आणि काहीही झाकलेले नाही. ते मुलींनी वाचावे आणि आजीलाही वाचून दाखवावे.

मूळ मजकुराकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवावी. रोज आत जाणारी गाठ आज आत जात नसेल, ती टणक झाली असेल, दुखत असेल, उलट्या होत असतील आणि शौच व वायू बंद झाले असतील, तर आतडे अडकले आहे असे धरून चालावे. ती जोराने आत ढकलू नये, शेकू नये, काही खाऊ-पिऊ नये. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर हातात काही तासच असतात, आणि ते तास उजाडण्याची वाट पाहण्यात घालवू नयेत. चोपड्याहून पूल ओलांडून शिवोलीमार्गे म्हापशाचे जिल्हा रुग्णालय गाठावे, तिथून सांगितले तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे. पण निघावे त्याच रात्री.